रंगनाथ सरांचा ओवा

मधल्या सुट्टीची घंटा झाली की रंगनाथ सर आमचे डबे तपासायचे. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे, ओळीने. हात पाठीमागे बांधलेले, चष्मा कपाळावर, आणि मान थोडी पुढे. "हां, उघडा," म्हणायचे. आम्ही निमूटपणे झाकणं काढायचो. "जवारीची भाकर, मेथी, वरून जवसाची चटणी. बराबर. आता हे वांग्यासंगं दही कामून आणलं? न्हाई चालत. बिलकुल न्हाई चालत. दही परत न्या घरी." ज्याचा डबा 'बराबर' ठरे तो उगीच खूश व्हायचा. ज्याचा नापास होई त्याला त्या दिवशी घासागणिक पोटात काहीतरी होतंय असं वाटत राही.

टेंभुर्णीच्या पुढे पाच-सहा किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. आम्ही तिघंच शिक्षक: सर, वैशाली मॅडम आणि मी. सर सगळ्यांत जुने, म्हणून मुख्याध्यापकही तेच. डबे तपासून झाले आणि जेवणं आटोपली की ते खिशातून जर्मनची एक लहान डबी काढायचे. तिच्यात भाजलेला ओवा आणि काळं मीठ. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक चिमूट. मुलं त्यांना ओवा सर म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं. केंद्रप्रमुख तपासणीला आले तर आधी त्यांचा डबा तपासला जाई, मग शाळेचं दप्तर. पोषण आहाराच्या खिचडीतसुद्धा त्यांनी स्वयंपाकवाल्या ताईंना ओवा आणि आलं घालायला लावलं होतं.

खाण्याच्या जोड्यांचं हे शास्त्र ते कुठे शिकले, कोणास ठाऊक. विचारलं तर म्हणायचे, "पोटाला इचारलं. सांगतंय की ते, ऐकणारा पायजे." दुधाबरोबर फळ नाही, म्हणून शिकरण बाद. उडदाबरोबर दही नाही. तुरीच्या वरणावर तूप पडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मक्याच्या कणसावर पाणी नाही, ताक. शेंगदाणे खाल्ले तर गुळाचा खडा हवाच. "शेंगदाणा अन् गूळ म्हणजे सख्खे भाऊ, मॅडम. एकाला बोलावलं अन् दुसऱ्याला इसरले की पहिला रुसतो." हरभऱ्याबद्दल तर त्यांचं ठाम मत होतं. "हरभरा एकटा आला की दंगा करतो. ओव्याला संगं घेऊन आला की गुमान बसतो." आणि या सगळ्याचं सार म्हणून एक वाक्य, जे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल: "जिन्नस कोणताच वाईट नसतो. संगत वाईट असती."

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं. त्याचं कारण येईलच.

मी या शाळेत आले तेव्हा माझं पोट म्हणजे चूल झालं होतं. लहान लेक, सकाळची बस, उभ्या उभ्या चहा आणि खारी, दुपारी काहीतरी कोंबायचं. छातीत जळजळ आणि पर्समध्ये गोळ्यांची पट्टी. एकदा वर्गातच कळ आली आणि मी खुर्चीला धरून बसले. सरांनी वर्ग दुसरीकडे बसवला आणि मला सगळा दिनक्रम विचारला. चहाचं ऐकल्यावर कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "रिकाम्या पोटी चहा म्हणजे रिकाम्या घरात चोर. घरात कोणी न्हाई, त्याला काय, तो फिरून राह्यला मोकळा." त्यांनी मला एका कागदावर आठ दिवसांचं खाणं लिहून दिलं. सकाळी आधी भाकरीचा तुकडा आणि लोणी, मग चहा. दुपारी मुगाचं वरण, तूप-जिऱ्याचं. रात्री दही बंद, आंबट बंद. जेवणाआधी आल्याचा तुकडा मिठात घोळवून. मी मनात हसले, पण केलं. दोन महिन्यांत गोळ्यांची पट्टी पर्समधून गेली ती गेलीच. माझ्या बाळंतपणानंतर दोन डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते या माणसाने भाकरीच्या तुकड्यावर केलं. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

कारण हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात येत गेली. सर वैशाली मॅडमच्या डब्यातलं खायचे. "पाहू बरं मीठ बराबर पडलं का," म्हणत भाजीचा घास उचलायचे. गावातून कोणी काही आणून दिलं तर खायचे. माझ्या डब्यातलं मात्र त्यांनी कधी खाल्लं नाही. मी पुढे केला की तेवढ्यात कारण तयार. "वांगं हाय का? मला वातूळ पडतं." "पालकासंगं टमाटं? न्हाई चालत मला." "आज भाकर बाजरीची दिसती. उन्हाळ्यात बाजरी गरम." कारण प्रत्येक वेळी त्यांच्याच शास्त्रातलं, आणि अगदी बिनचूक. मी दुसऱ्या दिवशी तो दोष काढून टाकायचे. टमाटं नाही, वांगं नाही, बाजरी नाही. त्या दिवशी त्यांना भूकच नसायची.

आणि ओवा. वैशाली मॅडमच्या हातावर ते ओवा ठेवायचे, चिमटीतली बोटं तळहाताला टेकवून. माझ्या हातावर सोडायचे. वरून. वीतभर अंतर असेल. काही दाणे बाजूला पडायचे, आणि ते म्हणायचे, "सांडला वाटतं." हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वतःलाच दटावलं, की बाई, तुझ्या डोक्यात किडा आहे. मग मी रोज पाहू लागले. वीतभर अंतर रोज असायचं.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीत धम्म घेतला. बाबा अंकुशनगरला साखर कारखान्यात होते, मी तिथल्याच शाळेत शिकले. सरांचं घर टेंभुर्णीतलं जुनं, जमीनजुमल्याचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. आजकाल कोण बोलतं? म्हणून तर मला कळेना. हे पोटाचं आहे की माझं? एखाद्याने तोंडावर अपमान केला तर निदान उत्तर देता येतं. इथे समोरचा माणूस माझं पोट बरं करत होता, माझ्या लेकीला खोकला झाला तर आठवणीने विचारत होता, आणि माझ्या भाकरीला हात लावत नव्हता. त्यांच्या घरून माझ्यासाठी डिंकाचे लाडू आले होते. सरांच्या पत्नीने, काकूंनी केलेले, सरांनी स्वतः आणून दिलेले. मी ते खाल्ले, चांगले होते. त्यांच्याकडून माझ्याकडे यायला सगळं चालत होतं. माझ्याकडून त्यांच्याकडे जायला नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "इचारू नको पोरी. इचारलं की उत्तर आयकावं लागतं. नोकरी तिथंच करायची हाय तुला." आईला हे पटलं नाही. ती म्हणाली, "तुमी आयुष्यभर न्हाई इचारलं, काय मिळालं?" दोघं माझ्यावरून भांडले आणि मी तशीच परत आले.

शेवटी युक्ती निघाली ती वैशाली मॅडमच्या डोक्यातून. तिला मी बोलता बोलता सांगितलं होतं, आणि तिचा विश्वास बसत नव्हता. "अगं, सर तसे न्हाईत. त्यांचं पोटच नाजूक हाय." मग म्हणाली, "चल, हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या डबे बदलू." मी नको म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांत चांगले मूग निवडले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या शास्त्रात बसेल असाच स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, हिरव्या मुगाचं वरण, वर लसणाची फोडणी आणि तूप, बाजूला आल्याचा तुकडा. धान्याच्या खोलीत आम्ही दोघींनी पोरींसारखं हसत हसत डबे बदलले. भाकरी तिच्या हिरव्या झाकणाच्या डब्यात गेली. तिची पोळी-भाजी माझ्या डब्यात आली. वरण ओतताना सांडेल म्हणून माझी स्टीलची वाटीच तिच्या डब्यात तशीच ठेवली. लग्नात बाबांनी मला भांडी दिली होती, त्यातलीच ती वाटी.

मधली सुट्टी झाली. "हां, उघडा." सरांनी आधी माझ्या डब्यात पाहिलं. त्यात वैशालीच्या हातची पोळी आणि बटाट्याची भाजी. "बटाटा अन् वरून लिंबू पिळलं काय? न्हाई चालत, मॅडम. पिठूळ अन् आंबट, दोघं आतमधी भांडतेत." मग वैशालीच्या डब्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आता हे पाहा! याला म्हणतेत मेळ. जवारी, मूग, लसूण, तूप. बराबर! ताटात भांडण न्हाई, मंग पोटात कोर्टकचेरी न्हाई." घास घेतला. दुसरा घेतला. अर्धी भाकरी खाल्ली. शेवटी वाटी उचलून उरलेलं वरण प्यायले. वाटी क्षणभर हातातच धरून ठेवली. मला वाटलं, अजून वरण हवं असेल.

वैशाली माझ्याकडे बघून हसत होती. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं. मला वाटलं होतं की खरं कळलं की मला राग येईल, मी उभी राहीन, काहीतरी बोलेन. तसलं काही झालं नाही. मला आधी आनंद झाला, माझं वरण त्यांना आवडलं म्हणून. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. अपमानाच्या आधी मला शाबासकी पोहोचली, आणि मी ती घेतली. त्यानंतर सरांनी डबी काढली. वैशालीच्या हातावर ओवा ठेवला. माझ्या हातावर वरून सोडला.

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी माझ्या छातीत जळजळ झाली.

पुढच्या दिवशी मी मुद्दाम तसाच स्वयंपाक केला, दाण्याचाही फरक नाही. माझ्या डब्यात, माझ्या हाताने, त्यांच्यापुढे. सर खूप वेळ डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "न्हाई चालत मला आज, मॅडम," आणि खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. कारण दिलं नाही. कारण न देण्याची ती पहिलीच वेळ होती. मला ते तेव्हा कळलं नाही. मी त्यानंतर डबा पुढे करणं सोडलं. ते तपासत राहिले, 'बराबर' म्हणत राहिले, ओवा देत राहिले, आणि मी तो घेत राहिले. चार वर्षं असं चाललं. बाबांचं ऐकलं म्हणा, की भ्याले म्हणा.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. त्यांच्या ओव्याबद्दल बोलले, माझ्या पोटाबद्दल बोलले. सगळे हसले, सर डोळे पुसत होते. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. खरं मात्र निम्मंच बोलले.

मग वैशालीची बदली झाली. सरांची बातमी अधूनमधून यायची. एकदा कळलं, की त्यांना अन्न गिळता येईनासं झालं आहे. संभाजीनगरला नेलं होतं, परत आणलं. ज्या माणसाने सगळ्या शाळेला कसं जेवावं ते शिकवलं, त्याला आता नळीतून पातळ पेज द्यावी लागत होती. मी जायचं टाळत होते. मग काकूंचा फोन आला. "मॅडम, सर बोलवून राह्यले तुमाला. दोनदा म्हणले. जल्दी या."

मी शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. सर ओसरीवरच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं, चष्मा मात्र कपाळावर होता. काकूंनी चहा आणला. माझ्या बशीवर जे फूल होतं तेच काकूंच्या बशीवर आहे का, हे मी पाहिलं. तेच होतं. पाहिल्याची मला लाज वाटली आणि पाहावं लागतं याचा रागही आला. काकू आत गेल्यावर सर म्हणाले, "मॅडम, ती वाटी तुमची होती ना?"

"कोणती वाटी?"

"मुगाच्या वरणाची. वैशाली मॅडमच्या डब्यातली." आवाज घोगरा होता, एकेक शब्द ओढून काढत होते. "वरण पेलो तव्हा बोटाला खरखर लागली. नाव घातलेलं होतं. 'करुणास बाबांकडून, अंकुशनगर.'"

लग्नाच्या प्रत्येक भांड्यावर बाबांनी नाव घालून घेतलं होतं. मी ते नाव रोज घासत होते, त्यामुळे मला ते दिसायचंच बंद झालं होतं. डबे बदलताना आम्हा दोघींनाही त्याची आठवण झाली नाही.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तव्हाच. घरी गेलो. वाट पाह्यली."

"कशाची?"

"पोट दुखायची." त्यांनी हात पोटावर ठेवला. "दुखलं न्हाई. उलट इतकं हलकं वाटलं. मंग दुसऱ्या दिशी तुमी तेच घेऊन आल्त्या. म्या म्हणलं, आता खावं. हात उचलंना. तोंडातून तेच आलं, न्हाई चालत."

मला वाटलं, आता ते घरचं वळण, वडिलांचा धाक, गाव काय म्हणेल, असलं काही सांगतील. ते तयारच होतं माझ्याकडे, त्याचं उत्तरही तयार होतं. सरांनी तसलं काही सांगितलं नाही.

"पोटाचं सगळं खरं होतं, मॅडम. तुमच्या डब्यापुरतं खोटं होतं." मग गोधडीची किनार सरळ करत, "सांगून जावं म्हणलं. माफी मागायला तोंड न्हाई मला."

खाई त्याला खवखवे म्हणतात. या माणसाला ते चार वर्षं आणि त्याहून जास्त खवखवत होतं, आणि मी समजत होते की जळजळ फक्त मलाच होते. मला रडू आलं. दयेचं नव्हतं ते, स्वच्छ रागाचं होतं. इतकं सोपं होतं तर तेव्हाच का नाही? एक घास तर होता. मी त्यांना तसं म्हणालेही. "एक घास होता, सर." ते मान हलवत राहिले.

उशीशी जर्मनची डबी होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "गिळता येत न्हाई आता. नुसता तोंडात धरतो, वासापुरता. तुमच्या हातानं द्या." आणि तळहात पुढे केला.

मी डबी उघडली. चिमटीत ओवा घेतला. माझा हात त्यांच्या हातावर गेला आणि वीतभर वरच थांबला. ठरवून केलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि ठरवून केलं असं लिहिलं तरीही खोटंच. मी ओवा वरून सोडला. काही दाणे गोधडीवर पडले.

सरांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा नाकावर आणला.

"बराबर," म्हणाले.

तोच शब्द, डबा पास झाला की म्हणायचे तोच, त्याच आवाजात. त्यांनी गोधडीवरचे दाणे एकेक करून वेचले आणि तोंडात धरले. मी उठले. परत चिमूट घेऊन, त्यांच्या हाताला बोटं टेकवून ओवा द्यावा असं दारापर्यंत जाताना मला वाटत होतं. पण मी दिला नाही. सतरा दिवसांनी ते गेले. तो ओवा माझ्याकडे देणं राहिला आहे, आणि एवढं तरी राहू दे, असंही मला कधी कधी वाटतं.

माझं स्वयंपाकघर मात्र अजून त्यांच्याच शास्त्रावर चालतं. हरभऱ्यात ओवा पडतो, शेंगदाण्याबरोबर गूळ निघतो, सकाळी चहाच्या आधी भाकरीचा तुकडा. माझ्या डब्यातला घास ज्यांनी समोरून कधी घेतला नाही, ते माझ्या घरात रोज दोन वेळा असतात. लेक आता मोठी झाली आहे, उलटं विचारते. परवा तिने दुधात केळं कुस्करायला घेतलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, चालत नाही." निघालं आणि मी थबकले. हल्ली हा शब्द तोंडातून गेला की मी मागाहून आणखी एक जोडते.

"पोटाला," मी म्हणाले. "पोटाला चालत नाही."

लेक हसायला लागली. "आई, पोटालाच ना! खायची गोष्ट आणखी कशाला चालणार नसते?"

मी तिच्या हातातली वाटी घेतली, तिच्यावरच्या नावावरून बोट फिरवलं, आणि केळं वेगळं काढून ठेवलं. तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.